चिनहटची कुंडी आणि कमरेतली गादी

लखनौच्या चिनहट भागातल्या चकचकीत रंगीत कुंड्या दिसायला देखण्या, उचलायला मात्र भलत्याच जड. प्रस्तुत लेखकाने त्यातली एक कमरेत वाकून उचलली आणि तसंच वळून ई-रिक्षात ठेवली. कंबर तिथेच धरली. दुसऱ्या दिवशी कळ मांडीमागून थेट पावलापर्यंत उतरली. सल्ला लगेच मिळाला: हाडं बसवणाऱ्या पहिलवानाकडे जा, सरकलेली गादी तो एका झटक्यात बसवतो.

पण ही गादी वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, सरकेल कशी? पाठीच्या कण्यात अशा 23 गाद्या. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांत मात्र एकही नाही, तिथे डोकं वळायचं असतं. गादीभोवती चिवट तंतूंचे 15 ते 20 थर, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. एका थराचे तंतू उजवीकडे तिरपे, पुढच्याचे डावीकडे. आत पाणी धरून ठेवणारा गर. सरळ उभ्या ओझ्याला ही रचना पुरून उरते, पण वळताना निम्मेच थर ताण घेतात. त्यात वाकलेलं असलं, की गर मागे रेटला जातो. मागे मधोमध लांब पट्ट्याचा आधार असल्याने तो बहुधा बाजूने फुटतो, आणि पायाकडे जाणारी नस नेमकी तिथेच असते. बहुतेक वेळा बळी पडतात त्या कमरेच्या शेवटच्या दोन गाद्या. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी 1934 साली हे उलगडलं; तोवर डॉक्टरही या गराला गाठ समजत.

बाहेर आलेला गर कुणाच्या अंगठ्याने आत जात नाही. शरीरच तो हळूहळू जिरवतं, आणि बहुतेकांची कळ काही आठवड्यांत ओसरते.

मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचं पोषण शेजारच्या हाडांतून झिरपत येतं आणि हालचालीने त्याला मदत होते. महिनाभर अंथरूण धरायचा जुना सल्ला त्यामुळेही टिकला नाही. सोसेल तेवढं चालावं. रात्रभरात गादी पाणी शोषून फुगते, म्हणून उठल्यावर तासभर वाकून बादली उचलू नये. एमआरआयमधल्या ‘फुगवट्या’ने हबकू नये, काहीही न दुखणाऱ्यांतही तो सर्रास सापडतो.

पाऊल लुळं पडलं, लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर मात्र थांबू नये. चिनहटकरांना विभूती खंडातली डॉ. राम मनोहर लोहिया संस्था जवळची आहे. मध्यरात्र असली तरी निघावं.