संगणकीय वहीसाठी पूरक साधन : पार्ल्याच्या पावसावरून एक पाठ

२६ जुलै २००५ या दिवसाची आठवण पार्लेकरांना करून द्यावी लागत नाही. पार्ल्यालगतच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; त्याच काळात कुलाब्यास अवघा ७३.४. दैनिक नोंदींच्या तक्त्यात मात्र हा आकडा २७ जुलैसमोर येतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मागील चोवीस तासांची बेरीज त्या सकाळच्या तारखेस लिहिली जाते. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी भरतीच्या वेळांशी पावसाचा मेळ घालू लागला, की त्याचा सारा आलेख एका दिवसाने ढळतो.

असे ज्ञान वर्गातील एकाच जाणत्या विद्यार्थ्यापाशी राहू नये, ते साधनात उतरावे, हा या पाठाचा हेतू आहे.

ज्या पालकांनी संगणकीय वही पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या वहीत मजकूर, आज्ञा आणि आज्ञेचे उत्तर एकाखाली एक कप्प्यांत राहते. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या आयपायथनमधून २०१४ साली ज्युपिटर हा प्रकल्प उभा राहिला. ज्युलिया, पायथन आणि आर या भाषांच्या नावांवरून त्याचे नाव पडले. तक्त्यांचे काम पांडाज हा पायथनचा संच करतो. दोन्ही विनामूल्य आहेत आणि दोन्हींत कोणासही भर घालता येते. पवईच्या आयआयटीतील प्रा. प्रभू रामचंद्रन यांनी घडविलेले मायावी हे त्रिमितीय चित्रणाचे साधनही अशा वहीत वापरता येते.

विद्यार्थी सहसा काय करतात? जुन्या वहीतील आज्ञा उचलून नव्या वहीत चिकटवतात. पाच वह्या झाल्या की पाच प्रती होतात, आणि दुरुस्ती त्यांतील एकीतच होते. यापेक्षा त्या आज्ञा एका स्वतंत्र फाइलीत लिहाव्यात व प्रत्येक वहीने तेथूनच घ्याव्यात. २०१८ पासून पांडाजच्या तक्त्याला आपल्या नावाचा कप्पा जोडण्याची अधिकृत सोय आहे. आपण एक वर्ग लिहितो, त्यावर नोंदणीची एक ओळ ठेवतो, आणि पांडाज प्रत्येक तक्ता त्या वर्गाच्या स्वाधीन करतो. पायथनला देवनागरी नावे चालतात, म्हणून वहीत

तक्ता.पाऊस.श्रेणी()

असे लिहिता येते व ते खरोखर चालते. हे प्रथम पाहणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद आम्हांस फार मोलाचा वाटतो.

या साधनात काय असावे? खात्याच्या निकषांप्रमाणे ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार. हे आकडे फाइलीत एकदाच लिहावेत. तारखेबाबत मूळ रकाना कधीही बदलू नये. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन नवे रकाने द्यावेत. मग ९४४.२ हा आकडा २६ च्या सकाळी साडेआठपासून २७ च्या साडेआठपर्यंतचा आहे, हे वाचणाऱ्यास आपोआप दिसते.

सर्वांत अवघड बाब रिकाम्या घरांची. नोंद नसणे आणि पाऊस नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पांडाज बेरीज करताना रिकामी घरे सोडून देतो, इतके की एखाद्या महिन्याची सर्व घरे रिकामी असली तरी बेरीज शून्य येते! ऐन जुलैत कोरडा महिना दाखवणारा आलेख असाच तयार होतो, आणि वस्तीत कोणी तो पुरावा म्हणून वापरला तर नाल्यासाठी केलेली मागणी फोल ठरू शकते. म्हणून किमान किती नोंदी असल्याखेरीज बेरीज देऊ नये, हे साधनास बजावावे लागते. त्यासाठी पांडाजमध्ये मिन-काउंट नावाचा पर्याय आहे. नोंदी अपुऱ्या असतील तेथे उत्तरही रिकामेच राहू द्यावे.

साधन दुसऱ्यास देण्यापूर्वी सीमेवरचे आकडे तपासावेत: ६४.४ ला ‘मुसळधार’ येता कामा नये, ६४.५ ला आलेच पाहिजे. दुरुस्तीनंतर कर्नेल पुन्हा सुरू करून वही पहिल्या कप्प्यापासून चालवावी. एरवी वही स्मृतीतील जुनीच फाइल वापरत राहते, आणि दुरुस्ती करूनही उत्तर का बदलत नाही, या कोड्यात विद्यार्थ्यांची अख्खी संध्याकाळ जाते.