घरातलं भांडण मिटवायला खर्च किती? शहापूर-मुरबाडचा हिशेब

नवरा पितो, सासरी मारहाण होते, म्हाताऱ्यांना पोरं बघत नाहीत. जायचं कुणाकडे आणि पैसे किती लागतील? ठाणे जिल्ह्यातल्या या दोन तालुक्यांत हा सगळा प्रश्न बहुधा एकाच दमात विचारला जातो. उत्तराचा निम्मा भाग सोपा आहे: सरकारी दारांपैकी जवळजवळ सगळ्यांची फी शून्य. उरलेला निम्मा भाग म्हणजे त्या दारापर्यंत जाणं. डोळखांब किंवा टोकावड्याकडची बाई तालुक्याला जाऊन आली की दिवस मोडला. रोजगार हमीचा 2025-26 चा दर 312 रुपये धरला, तर भाऊ सोबत आल्यावर दोघांचे मिळून सव्वासहाशे बुडाले. तेव्हा पैसे वाचवायचे तर खेपा वाचवायच्या. महिलांना एसटीत 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. जीप आणि टमटमला ते लागू नाही. मुरबाडला रेल्वे नसल्याने तिकडे एसटीचं वेळापत्रक पाहूनच तारीख मागितलेली बरी.

घर सोडण्याआधी फोन करा. महिलांसाठी 181, लहान मुलांसाठी 1098, ज्येष्ठांसाठी 14567, मन थाऱ्यावर नसेल तर टेली-मानसचा 14416, आत्ता या क्षणी मार पडत असेल तर 112. सगळे मोफत. 181 वर एवढंच विचारा: माझ्या गावाला जवळचा संरक्षण अधिकारी कोण, पोलिसांकडचा महिला कक्ष कुठे, कोणत्या वारी कोण भेटतं? या एका फोनने एक खेप तरी वाचते.

मग एक गोष्ट घरातल्यांनीच ठरवायची: हे भांडण आहे की मारहाण? पैशावरून, माहेरी जाण्यावरून, सासू-सुनेवरून कुरबुर असेल तर दोघांना समोरासमोर बसवून समुपदेशन उपयोगी पडतं. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 साली मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आता राज्यभर पसरला आहे. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात आणि पैसे घेत नाहीत. खासगी समुपदेशकासाठी कल्याण-ठाणे गाठायचं तर एका बैठकीला किती आणि अंदाजे किती बैठका, हे फोनवरच विचारून घ्या.

मारहाण असेल तर मात्र आधी बैठक नको. 'थोडं सांभाळून घे' म्हणत चार वडीलधाऱ्यांनी बाईला पुन्हा त्याच घरात नेऊन सोडणं हा सगळ्यात महाग पर्याय आहे. त्याचं बिल नंतर दवाखान्यात भरावं लागतं.

अशा वेळी 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सगळ्यात स्वस्त पडतो. संरक्षण अधिकारी माहिती घेऊन अहवाल भरतो आणि अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतं, पण अंतरिम आदेश मागता येतो. आदेशाची प्रत फुकट मिळते. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तो अहवालाचा नमुना एकदा नीट वाचा. त्यात मारहाणीच्या रकान्यांखाली आर्थिक हिंसेचे रकाने आहेत: घरखर्चाला पैसे न देणं, नोकरी करू न देणं, कमाई काढून घेणं, न विचारता स्त्रीधन विकणं किंवा गहाण टाकणं, घराबाहेर काढणं. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांना हे फार लागू पडतं. भट्टीवर हिशेब जोडीचा असतो. हजार विटांमागचा दर नवरा-बायको दोघांच्या घामाचा, पण बयाणा आणि आठवड्याची खर्ची बहुतेक वेळा नवऱ्याच्याच हातात पडते. ती दारूत गेली तर 'कमाई काढून घेतो' या रकान्यात खूण होते. मार खाल्ला नसला तरी तक्रार उभी राहते, हे अनेकींना ठाऊकच नसतं. 'बयाणा फिटल्याशिवाय भट्टी सोडायची नाही' असं मालक म्हणाला, तर त्यासाठी 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे. तक्रार तहसीलदारांकडे करा. आणि भट्टी भिवंडीत, सासर शहापुरात, माहेर मुरबाडला असं असेल तर तीनपैकी कुठेही अर्ज करता येतो. तात्पुरतं राहण्याचं ठिकाणही चालतं. जिथून एका एसटीत कोर्ट गाठता येईल, ते निवडा.

आदिवासी पाड्यांवरचा एक पेच वेगळा आहे. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून अनेक जोडपी विधी न करताच वर्षानुवर्षं संसार करतात. मग कुणीतरी सांगतं, 'लग्नच नाही, तर पोटगी कसली?' ते ऐकू नका. लग्नासारख्या नात्यात एका घरात राहिलेल्या बाईलाही हिंसाचाराचा कायदा लागू होतो. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यांचा काडीमोड रूढीने होतो, त्यामुळे घटस्फोटाच्या अर्जासाठी वकिलाला आगाऊ पैसे देण्याआधी हा मुद्दा विचारा. जातपंचायतीने काडीमोडासाठी दंड लावला किंवा वाळीत टाकलं तर 2016 च्या सामाजिक बहिष्कार कायद्याखाली तो गुन्हा आहे. दंड भरू नका, पोलिसांत जा.

वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट नाही; इतरांना वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. माहितीसाठी 15100. समितीच्या वकिलाने वर पैसे मागितले तर समितीच्या अध्यक्षांकडे, म्हणजे तिथल्या न्यायाधीशांकडेच, लेखी तक्रार करता येते. पोटगी, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या दाव्यांत महिलांना 1 ऑक्टोबर 1994 पासून राज्यात कोर्ट फी माफ आहे. कोर्टापुढच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्कही माफ. पाचशेचा मुद्रांक आणायला सांगणाऱ्याला कारण विचारा. खासगी वकील घेतलात तर पूर्ण कामाची रक्कम ठरवा, तारखेगणिक नको. तारखा पडतात तशा पडतात आणि तुमचा खिसा मोकळा होतो.

आता दारू. रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरच्यांनी कोंडून एकदम तोडली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येते, भास होतात. जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय त्यात आलं. पुढचा टप्पा 1901 सालचं ठाण्याचं मनोरुग्णालय. मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात, ते विचारल्याशिवाय निघू नका. 'जेवणात गुपचूप टाका' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर एक रुपयाही घालू नका. त्यातलं काही औषध दारूवर पडलं तर माणूस दगावू शकतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीला फी नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून चालू आहे आणि तिथे पेशंटच्या बायकोलाही उपचारात धरतात, हे मला त्यांच्या कामातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. खासगी केंद्रात टाकण्याआधी नोंदणीचा कागद बघा, औषधं-तपासण्या धरून महिन्याचा आकडा लिहून घ्या, मध्येच सोडलं तर पैसे परत किती ते विचारा. भेटू देत नाहीत किंवा साखळी दिसली, तर तिथे ठेवू नका. साखळदंडाला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे.

म्हाताऱ्या आईबापांना वकील करायची गरज नाही, कारण आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या 2007 च्या कायद्याखालच्या न्यायाधिकरणात वकिलाला उभं राहण्याचा हक्कच ठेवलेला नाही. साधा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा: शहापूरकरांनी भिवंडीला, मुरबाडकरांनी कल्याणला. महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो.

खर्चाच्या वहीत जमेची बाजूही असते. एकट्या पडलेल्या आईच्या मुलांना बालसंगोपन योजनेत दरमहा प्रत्येकी 2250 रुपये. परित्यक्ता किंवा घटस्फोटितेला संजय गांधी निराधार योजनेत 1500, अर्ज तहसील कार्यालयात. पोटगीचा निकाल लागेपर्यंत चूल यावरच पेटते, म्हणून कोर्टाच्या पहिल्या खेपेतच तहसीलचा अर्जही उरकून घ्या.

पिशवीत आधार, शिधापत्रिका, मुलांचे जन्मदाखले, बँक पासबुक, दवाखान्याचे कागद, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. सासरी कागद अडकले असतील तर आधी फोनवर फोटो काढून माहेरी पाठवा. आणि लोकअदालतीत तडजोड करत असाल तर रक्कम, तारीख आणि मुलं कुणाकडे, हे ओळ न् ओळ वाचूनच अंगठा द्या. त्या निवाड्यावर अपील नसतं.