ऑनलाइन सेंटर चालवणाऱ्या भाच्यास



उमापुरात तुझ्या ऑनलाइन सेंटरवर पीकविम्याच्या दिवसांत उभं राहायला जागा नसते, असं अक्का फोनवर सांगत होती. फार बरं वाटलं. पण विंडोज आणि फोटोशॉप तू मित्राच्या पेनड्राइव्हवरून क्रॅक करून टाकलंस, हेही तिच्या बोलण्यात आलं. म्हणून हे पत्र.

क्रॅक चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. का सांगतात, याचा कधी विचार केलास? अशा फायलींमागे पासवर्ड चोरणारे प्रोग्राम सर्रास येतात. स्क्रीनवर काही दिसत नाही, कॉम्प्युटर नेहमीसारखा चालतो, आणि ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड बाहेर गेलेले असतात. तुझ्या डाउनलोड फोल्डरमध्ये तर लोकांची आधार कार्डं, सातबारे, पासबुकं पडलेली असणार. काम झालं की ती त्याच दिवशी काढून टाकत जा. फोटो कापायला गिंप फुकट मिळतं आणि तुझ्या कामाला पुरतं.

मोठ्यांचंही असंच होतं. 2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसलं आणि सुमारे 94 कोटी रुपये गेले; 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या मालवेअरने न्हावाशेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. त्याने विंडोजमधल्या ज्या फटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. तेव्हा अपडेटची सूचना आली की गिऱ्हाईक समोर आहे म्हणून पुढे ढकलू नकोस. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेव, आणि कॉपी झाली की वायर काढ. जोडलेली राहिली तर खंडणीखोर व्हायरस तिलाही कुलूप लावतो.

तुझ्याकडे येणाऱ्या शेतकऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. व्हॉट्सअ‍ॅपवर 'पीएम किसान', 'आरटीओ चलन', अगदी लग्नपत्रिकेच्या नावाने फाईल येते. नावाच्या शेवटी एपीके असतं. इन्स्टॉल करताना ती एसएमएस वाचायची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी थेट चोराकडे जातो. माणसाने कुणाला काही सांगितलेलं नसतं, तरी खातं रिकामं होतं. अशा माणसाला 'तुम्ही ओटीपी दिलाच असेल' म्हणून दटावू नकोस. आधी त्याच्या मोबाईलचं नेट बंद कर, सिम काढ, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळव आणि 1930 वर तक्रार नोंदव. पैसे अडवायचे तर पहिले काही तासच हातात असतात. हा नंबर सेंटरच्या दारावर मोठ्या अक्षरांत लाव.

आणि येत्या रविवारी सेंटर बंद ठेवावं लागलं तरी चालेल, पण कॉम्प्युटर फॉरमॅट करून अस्सल विंडोज टाक आणि सगळे पासवर्ड बदल. पैसे कमी पडले तर मला फोन कर.

तुझा मामा