बाजारातलं चाक रोबोला बसवताना

कॉलेजच्या रोबो टीममध्ये मोटर आणि बॅटरी ठरवण्यात आठवडे जातात. चाकं मात्र शेवटी कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानातून उचलून आणतं. पुण्यात आमच्या टीमनेही बोहरी आळीतून १० सेंमी व्यासाची नायलॉनची ट्रॉलीची चाकं आणली. ती स्वस्त असतात, वजनही चांगलं पेलतात. पण ट्रॉलीचं चाक ढकलल्यावर फिरण्यासाठी बनवलेलं असतं. त्याच्या पोटात बेअरिंग असतं, त्यामुळे मोटरचा शाफ्ट नुसता आत घातला तर शाफ्ट एकटाच फिरतो आणि चाक जागचं हलत नाही. म्हणून चाक शाफ्टला पक्कं जोडणारा हब बाजूने लावावा लागतो, आणि खरी कसोटी तिथे आहे.

हब लावल्यावर सरावात आमचा रोबो डुलत चालायला लागला. सगळे प्रोग्रामवर तुटून पडले. शेवटी रोबो विटांवर चढवला, चाकाच्या कडेला लागेल न लागेल अशी पेन्सिल धरली आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. एका बाजूला पेन्सिल घासत होती, समोरच्या बाजूला फट पडत होती. हब मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकला तरी चाकाची कड दर फेऱ्याला एक मिलिमीटर वरखाली होते. ही पेन्सिलची चाचणी प्रत्येक टीमने पहिल्याच दिवशी करावी, असं मी आग्रहाने सांगतो.

लेथ नसेल तर मध्य साधायला बेअरिंगचाच उपयोग करा. ते काढून टाकू नका. कारखान्याने ते मधोमध बसवलेलं असतं. शाफ्टच्या जाडीचा सरळ रॉड हब आणि बेअरिंग दोन्हींतून आरपार घाला. बेअरिंगचं भोक मोठं असेल तर रॉडला कोल्ड्रिंकच्या डब्याचा पातळ पत्रा सारखा गुंडाळा. रॉड तसाच ठेवून हबच्या भोकातून चाकात एकच भोक पाडा, बोल्ट कसा, मग समोरचं भोक पाडा. चारही भोकं आधी खुणा करून एकदम पाडली की हमखास सरकतात. नायलॉन उष्णतेने वितळतं, म्हणून ड्रिल हळू चालवा आणि बिट वरचेवर बाहेर काढा.

दुसरी दुखरी जागा म्हणजे हबला शाफ्टवर घट्ट धरणारा छोटा ग्रब स्क्रू. एका सामन्यात मोटर चालू होती, पण उजवं चाक थांबलं. हब काढला तर गोल शाफ्टवर चकचकीत ओरखड्याचं कडं उमटलं होतं. स्क्रूला धरायला काही नव्हतंच. गोल शाफ्टवर कानसेने सपाट जागा करा आणि स्क्रू बरोबर तिथे टेकवा. कानस मारताना गिअरबॉक्सवर टेप लावा, शाफ्टचं तोंड खाली ठेवा. लोखंडाचा कीस आत गेला तर गिअर खराब होतात. आणि हब बसत नाही म्हणून हातोडी घेऊ नका. तो ठोका थेट गिअरबॉक्सला बसतो. भोकालाच हलकी कानस लावा. चाक गिअरबॉक्सच्या जितकं जवळ बसेल तितकं चांगलं, कारण लांबवर लटकलेल्या चाकाचा भार शाफ्टला वाकवतो.

नायलॉन प्लायवूडवर घसरतं. चाकावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी रबर सोल्युशनने चिकटवली की पकड येते. मात्र एक मिलिमीटर जाडीच्या पट्टीने व्यास दोन मिलिमीटरने वाढतो, म्हणजे परीघ ३१.४ सेंमीवरून जवळपास ३२ सेंमी होतो. दहा फेऱ्यांत रोबो सहा सेंटिमीटर जास्त पुढे जातो. म्हणून चाकाच्या फेऱ्या मोजणाऱ्या एनकोडरचे आकडे पट्टी लावल्यानंतरच ठरवा.

स्पर्धेला निघताना शाफ्ट आणि हब दोन्हींवरून मार्करने एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की हब सरकला म्हणून समजा. एम-४ ग्रब स्क्रूला दोन मिलिमीटरची ॲलन की लागते. ती प्रत्येकाच्या खिशात असू द्या.