पाय कोठे, कंबर कोठे?

मुलांनो, बाजारात हमाल पोते उचलताना तुम्ही पाहिला असेल. तो कमरेत वाकून नुसत्या हातांनी पोते ओढत नाही. तो पोत्याकडे पाठ करतो, गुडघे वाकवतो, पोत्याच्या खाली जातो आणि मग पाय सरळ करतो. पन्नास किलोचे पोते त्याच्या पाठीवर येते. ज्यूदो या खेळातील कमरेची फेक याच रीतीने होते. फरक एवढाच, की पोते स्वतःचा तोल सांभाळत नाही. समोरचा खेळाडू मात्र तो सांभाळत असतो.

तोल हा शब्द लक्षात ठेवा. उर्दूत आपण त्याला तवाजुन म्हणतो. तवाजुन आणि वजन हे दोन्ही शब्द एकाच मुळापासून आले आहेत, आणि वजन तर मराठीतही जसेच्या तसे आहे. उर्दूतली कमर मराठीत कंबर होते. आखाड्यातला वस्ताद म्हणजे आपला उस्तादच. तेव्हा या पाठातले शब्द तुम्हांला परके वाटू नयेत.

ज्यूदोची सुरुवात जपानमध्ये झाली. जिगोरो कानो यांचा जन्म 1860 साली झाला. ते अंगाने लहान होते. दांडगट मुलांपुढे आपले काही चालत नाही, हे त्यांच्या मनाला फार लागले. म्हणून ते जुजुत्सू ही जुनी कुस्ती शिकले. पुढे 1882 साली टोकियोतील एका मंदिरात, बारा चटयांच्या लहानशा जागेत, त्यांनी आपली नवी पद्धत शिकवायला सुरुवात केली. तिचेच नाव ज्यूदो. 1964 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला आणि 1992 पासून मुलींच्या स्पर्धांनाही तेथे पदके मिळू लागली.

आता एक फेक नीट समजून घेऊ. तिचे नाव ओ-गोशी, म्हणजे 'मोठी कंबर'. फेकणाऱ्याला तोरी म्हणतात आणि पडणाऱ्याला उके. तुम्ही तोरी आहात असे समजा.

उके तुमच्यासमोर उभा आहे. डाव्या हाताने त्याची उजवी बाही कोपराजवळ धरा. ती आपल्याकडे आणि थोडी वर ओढा. मनगटावरचे घड्याळ बघताना हात जसा वर येतो, तसा. आता उकेच्या टाचा हलक्या होतील आणि वजन चवड्यांवर येईल. त्याचा तोल मोडला. हे झाल्याशिवाय पाऊल टाकू नका. घाईत सगळे हीच पायरी विसरतात.

मग तुमचे उजवे पाऊल उकेच्या उजव्या पावलासमोर, किंचित आतल्या बाजूला ठेवा. त्याच वेळी उजवा हात त्याच्या कमरेमागे जाऊ द्या. उजव्या चवड्यावर वळा आणि डावे पाऊल मागून फिरवून त्याच्या डाव्या पावलासमोर आणा. आता तुमची पाठ उकेकडे आहे. दोघांच्या पायांची बोटे एकाच दिशेला आहेत. तुमची दोन्ही पावले त्याच्या पावलांच्या आतल्या बाजूला आहेत आणि त्यांच्यातले अंतर तुमच्या खांद्यांहून थोडे कमी आहे.

आता गुडघे वाकवा. तुमचा पट्टा उकेच्या पट्ट्याच्या खाली गेला पाहिजे. कमरेच्या खाली बाजूला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याला मराठीत खुबा म्हणतात. तुमचा उजवा खुबा उकेच्या उजव्या खुब्याच्या किंचित बाहेर येऊ द्या. दोघांच्या अंगांत फट ठेवू नका. मग गुडघे सरळ करा, बाही ओढा आणि मान डावीकडे वळवा. उके तुमच्या कमरेवरून पुढे येऊन पाठीवर पडेल. त्याची बाही मात्र शेवटपर्यंत सोडायची नाही. तिच्यामुळेच त्याचे डोके जमिनीवर आपटत नाही.

पावले चुकली तर काय होते? उजवे पाऊल फार लांब पडले, तर मध्ये फट राहते आणि तुम्ही कमरेवर नव्हे तर हवेवर ओझे उचलू पाहता. पाऊल त्याच्या पायांत फार खोल गेले, तर तुमचेच वजन टाचांवर जाते आणि तो तुम्हांला मागे पाडतो. गुडघे ताठ राहिले, तर सगळा भार पाठीवर येतो.

सर्वांत वाईट चूक मी स्वतः केली आहे. बी.एड.ला असताना मी ज्यूदो शिकत होतो. माझ्याहून उंच मित्राला फेकायच्या उत्साहात मी उजवी टाच जमिनीवर दाबून ठेवली आणि अंग वळवले. पाऊल तेथेच राहिले, कंबर फिरली, आणि मध्ये सापडला तो गुडघा. तीन आठवडे मी कठडा धरून जिना चढत होतो. मित्र मात्र जागेवरून हललाही नव्हता! तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो : वळायचे ते चवड्यावर, आणि गुडघ्याचे तोंड नेहमी बोटांच्या दिशेला.

कंबर किती आत न्यायची हेही फेकीप्रमाणे बदलते. कानोंची आवडती फेक उकी-गोशी ही होती. तिच्यात कंबर पूर्ण आत नेत नाहीत, उचलतही नाहीत. कमरेचा धक्का देऊन फिरवतात. त्यांचा शिष्य सायगो शिरो हाही अंगाने लहान, पण मांजरासारखा चपळ. गुरूंची कंबर आत आली की तो तिच्यावरून उडी मारून पुढे निसटू लागला. मग कानोंनी काय केले? कंबर तशीच ठेवून, निसटणाऱ्या शिष्याचे पाय त्यांनी आपल्या पायाने मागे झाडून टाकले. त्यातून हाराई-गोशी ही नवी फेक तयार झाली. शिष्याने वाट काढली नसती, तर गुरूंना ती सुचली असती का, कोण जाणे.

तुम्हांला हे करून पाहावेसे वाटत असेल. पण फरशीवर कोणालाही फेकू नका. पडण्याची रीत आधी शिकावी लागते : हनुवटी छातीला टेकवून, हाताने गादीवर थाप मारून पडायचे. ती क्रीडाशिक्षकांकडून गादीवरच शिका. पावले मात्र आजच शिकता येतील. अंगणात खडूने उकेची दोन पावले काढा. त्यांच्यासमोर उभे राहा. उजवे पाऊल, वळण, डावे पाऊल, गुडघे. मग खाली पाहा. तुमची पावले खडूच्या पावलांच्या आत आहेत का? बोटे एकाच दिशेला आहेत का? नसतील तर मागे या आणि पुन्हा करा. जपानमध्येही खेळाडू न फेकता नुसते आत शिरण्याचा सराव शेकडो वेळा करतात. तुम्ही आज वीस वेळा केला तरी पुष्कळ झाले.