अंग रुसलं की

बयो, काल रात्री फोनवर "मावशी, आज आरशापुढून हलताच येईना" एवढंच म्हणालीस आणि गप्प झालीस. डॉक्टर याला डिस्फोरिया म्हणतात. आमच्या घरात आम्ही चौघी म्हणतो, अंग रुसलंय. मी त्या अंगाशी तीस वर्षं सगळ्या तऱ्हांनी भांडून पाहिलं. त्यातून जे हाती राहिलं ते लिहून देते. काही ठिकाणी तू नाक मुरडशील, ते मला इथूनच दिसतंय. तरी वाच.

१. आरशाला टिकली सरळ आहे का एवढंच विचारावं, मी कोण हे विचारू नये — ते त्याच्या आवाक्यातलं नाही.

२. न्हाणीतला आरसा काढून खोलीत लाव — कपडे चढवल्यावर भेटलेल्या आरशाची जीभ जरा मऊ असते. अंघोळ अवघड जाते त्या दिवशी रेडिओ मोठ्याने लाव, दिवा बारीक ठेव, आणि आधी कुणाकडून तरी डोक्याला तेल घालून घे.

३. रुसव्याची तयारी चांगल्या दिवशी करून ठेवावी: एक सैल सुती गाऊन, डब्यात शेंगदाण्याचे लाडू, फोनला रिचार्ज, आणि रात्री दोनला उठवलं तरी चालतील अशा दोघींची नावं भिंतीवर — वाईट दिवशी आपल्याला काय हवं ते आपल्यालाच आठवत नाही.

४. नावं दोघींची हवीत — एकीचं अंगही त्याच रात्री रुसलेलं असू शकतं. एका पावसाळ्यात आमच्या घरी तिघींना एकदमच आलं होतं, चौथीने तीन दिवस खिचडी घातली.

५. अंगाला शिक्षा म्हणून उपाशी राहू नको. खांदे उतरावेत म्हणून मी वर्षभर एकवेळ जेवले. खांदे होते तिथेच राहिले, केस मात्र मुठीने गेले — हाडं उपासाने बारीक होत नाहीत, आणि हार्मोन्सनी कमरेवर मांस धरायचं तर ते आधी ताटातून यावं लागतं.

६. मैत्रीण "मी बाई वाटतच नाही" म्हणाली तर लगेच "छे, किती छान दिसतेस" म्हणू नको — तिला वाटतं, हिने ऐकलंच नाही. चहा टाक, मग विचार, "आज कुठे टोचतंय? जबडा, आवाज, हात?" जागा सापडली की निम्मं हलकं होतं, उरलेल्यासाठी तिच्यापुढे निवडायला मेथी ठेव.

७. "तू तर ओळखूच येत नाहीस!" हे कौतुक म्हणून कधी देऊ नकोस — त्या दिवसापासून ती रस्त्यावरचा प्रत्येक डोळा मोजायला लागते. त्यापेक्षा म्हण, हा रंग तुला उठून दिसतो.

८. कुणाचा पदर सरळ करायचा तरी आधी विचार — आपल्यातल्या बहुतेकींच्या अंगाला न विचारता लागलेले हात आठवतात.

९. आणि बयो, आपसात तुलना नको. हिची छाती, तिचा आवाज, हिचं निर्वाण (आपल्यातला वृषण-लिंग काढण्याचा विधी) झालं, तिचं नाही — एका चुलीवरच्या दोन भाकऱ्यासुद्धा सारख्या फुगत नाहीत.

आता दाढी. यावर मी जरा थांबणार, कारण सकाळचा पहिला रुसवा इथूनच निघतो.

१०. वस्तरा अंघोळीनंतर, केस ओले नि मऊ झाल्यावर, वाढीच्या दिशेने चालव — उलटा ओढला की केस कातडीखाली वळतो आणि पुळी होऊन डाग ठेवतो. चिमट्यानेही तेच होतं. माझ्या हनुवटीवरचे काळे डाग चिमट्याचे आहेत, पंधरा वर्षांच्या सवयीचे.

११. हनुवटीवर निळसर छटा राहते, तिथे फाउंडेशनच्या आधी नारिंगी करेक्टर किंवा नारिंगी लिपस्टिकचं एक बोट पुसून घे — नारिंगी निळ्याला गिळतो. फाउंडेशनचे थर चढवत बसलं तर दुपारच्या घामात सगळं उतरतं.

१२. लेझर करायचं ठरलं तर चार-सहा आठवडे आधीपासून चिमटा आणि धागा बंद, वस्तरा चालेल — लेझर मुळाला जाळतो, मूळच उपटलं तर जाळायचं काय? आणि एका खेपेत काम होत नाही, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने बऱ्याच खेपा लागतात, तेवढे पैसे धरून चाल.

१३. परवडेल तेव्हा लवकर कर — लेझर केसातल्या काळ्या रंगाला धरतो, पांढऱ्या केसाला तो दिसत नाही. मी पन्नाशीपर्यंत थांबले. आता माझा एकेक पांढरा केस सुईने, इलेक्ट्रोलिसिसने जातो आणि दर खेपेला वाटतं, कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

१४. आवाज गोळ्यांनी बारीक होत नाही, तो शिकावा लागतो. रोज दहा मिनिटं पेपर मोठ्याने वाच, गुणगुण, जमल्यास वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जा — गळा आवळून काढलेला आवाज रिक्षावाल्याशी बोलेपर्यंतच टिकतो. घसा दुखला की त्या दिवशी थांब.

१५. खाली चापून बांधायचं तर घट्ट चड्डी किंवा त्यासाठी शिवलेला गॅफ वापर, पार्सलची चिकटपट्टी कधीही नको — ती कातडीसकट निघते. काही तासांनी सैल कर, झोपताना सोडूनच ठेव.

१६. बाहेर शौचालयाची धास्ती म्हणून पाणी पिणं बंद करू नको. मी केलं, आणि लघवीच्या जळजळीने दरसाल दवाखाना गाठला — कोंडलेलं पाणी मूत्रपिंडाशी भांडतं. जायच्या वाटेवर कुठला मॉल, कुठला दवाखाना, कुठलं ओळखीचं हॉटेल हे एकमेकींना सांगून ठेवा, आणि पहिल्यांदा जाताना दोघी जा.

हार्मोन्सच्या गोळ्यांचं बोलताना मी आवाज चढवते, तो रागाचा नाही, भीतीचा आहे.

१७. उसनं मीठ चालतं, उसनी गोळी नको — तुझं यकृत, तुझं रक्त, तुझा रक्तदाब मैत्रिणीहून वेगळा आहे.

१८. औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून मूठमूठ खाऊ नकोस. आमच्या तरुणपणी दुसरं ठाऊकच नव्हतं — बऱ्याच गोळ्यांतलं एथिनिल इस्ट्रॅडिऑल रक्तात गुठळ्या करतं. माझी डावी पोटरी एका सकाळी सुजून लाल झाली, गरम लागत होती, आणि मी दोन दिवस लेप लावत बसले. एकच पाय असा सुजला, किंवा दम लागून छातीत दुखलं, तर लेप नको, थेट इस्पितळ, आणि तिथे हार्मोन्स घेते हे न लाजता सांगायचं.

१९. सिगरेट सोड — तिने गुठळीचा धोका आणखी वाढतो. हे तुला चौथ्यांदा सांगतेय, पाचव्यांदा सांगायची माझी तयारी आहे.

२०. हार्मोन्स एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या किंवा या कामाची माहिती असलेल्या डॉक्टरच्या हाताखालीच घे, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपास. पुरुषी संप्रेरक दाबणारं स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियमही बघायला सांग — ती गोळी पोटॅशियम अंगात अडवून धरते, म्हणून रोज शहाळं पिण्याआधीही डॉक्टरला विचार.

२१. छाती तीन-सहा महिन्यांत दुखू लागते, भरायला दोन-तीन वर्षं जातात. दुप्पट गोळ्यांनी ती दुप्पट होत नाही — जास्त पाणी घातलं म्हणून चिंच आज लागत नाही.

२२. सुटं सिलिकॉन सुईने भरून देणाऱ्या कुणाच्याही दारात जाऊ नकोस, आणि मैत्रीण निघाली तर वाटेत आडवी हो — ते अंगात सरकतं, फुप्फुसात पोचलं तर जीव घेतं.

२३. पुढे कधी मूल हवंसं वाटेल असं मनात असेल तर हार्मोन्स सुरू करण्याआधी वीर्य साठवण्याबद्दल विचारून घे — नंतर बीज परत येईलच असं नाही.

२४. निर्वाण असो की इस्पितळातली शस्त्रक्रिया, वृषणं गेल्यावर हार्मोन्स परस्पर बंद करायचे नाहीत. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणींनी "आता काम झालं" म्हणून गोळ्या सोडल्या, आणि साठीच्या आत साध्या घसरण्याने त्यांचं खुब्याचं हाड मोडलं — दोन्हीपैकी एकही संप्रेरक अंगात नसलं की हाडं पोकळ होतात. माझ्या वयाच्या मावशीला हाडांच्या तपासणीला तूच घेऊन जा. आणि प्रोस्टेट शस्त्रक्रियेनंतरही आतच असतं, तेही पन्नाशीनंतर डॉक्टरला सांगायचं.

२५. शस्त्रक्रियेला कुणी जायची असेल तर फळं नेणारी नको, पाळी लावणारी हो: सोमवारी डबा कुणाचा, मंगळवारी धुणं कुणाचं, डायलेशनच्या, म्हणजे नवी योनी रुंद ठेवण्याच्या, वेळी दाराबाहेर कोण बसणार — पहिल्या आठवड्यात सगळ्या येतात, खरी गरज चौथ्यात लागते.

२६. यासाठी भिशी चालव. आम्ही आठ जणी होतो, महिन्याला प्रत्येकी पाचशे, आणि पहिला हप्ता जिचं लेझर अडलंय तिला — हातात पैसा असला की घाईने स्वस्त दवाखाना गाठावा लागत नाही.

२७. कागद. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपली ओळख आपण ठरवायची, शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा आहे. त्या निकालपत्रात आपल्यातल्या कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठींची हकिगतही नोंदलेली आहे. त्यानंतर आपल्या हक्कांचा २०१९ चा कायदा आला, आणि कायदे-नियम बदलत राहतात, म्हणून ओळखपत्राच्या अर्जाआधी जाणत्या कार्यकर्तीकडून ताजं काय ते विचार — गेल्या वर्षीच्या माहितीवर मारलेली खेप फुकट जाते.

२८. राजपत्र, आधार, पॅन, बँक, सगळीकडे नावाचं स्पेलिंग अक्षर न अक्षर एकच ठेव — एका जादा अक्षरापायी मी एका कार्यालयाच्या अकरा खेपा मारल्या. खिडकीवर जाताना कुणाला तरी सोबत ने. जुन्या नावाने पुकारा झाला तर तुझ्याऐवजी तिने उठून जावं, आणि "बाईंचं काम आहे" म्हणावं.

२९. खोली भाड्याने घेतलीस की भाडं बँकेतून दे आणि पावती ठेव. कुलूप बाजारात मिळतं, शेजार कमवावा लागतो — म्हणून संक्रांतीला हळदीकुंकू कर. आमच्या वाड्यात पहिल्या वर्षी एकच बाई आली, समोरची विधवा काकू, तिलाही कुणी बोलवत नव्हतं. मी तिला स्टीलची वाटी वाण दिली, मला कुंकू लावताना तिचा हात थरथरला. पुढच्या वर्षी ती सात जणींना घेऊन आली.

३०. गावी पँट-शर्टातच जावं लागलं तर खिशात एक बांगडी ठेव आणि दर रात्री इथल्या कुणीतरी तुला तुझ्या नावाने फोन करायचा — चार दिवस नाव कानावर पडलं नाही की माणूस सुकतं.

३१. जुने फोटो जाळू नको. बयो, हे मात्र दोनदा वाच. माझं अंग एका दिवाळीत असं रुसलं की मी ट्रंक उघडून सगळे फोटो चुलीत घातले, मुंजीतला गोटा केलेला, शाळेतला, सगळे. त्यातच आईचा एकुलता फोटो होता, मी तिच्या मांडीवर आणि तिची नथ माझ्या हातात — राग त्या पोराच्या चेहऱ्यावर होता, गेली आई. तुला बघवत नसतील तर पाकिटात घालून माझ्याकडे दे. मी उघडणार नाही, विसाव्या वर्षी माग की साठाव्या.

३२. आपल्यातल्याच दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' हा कवितासंग्रह घरात असू दे, रुसव्याच्या रात्री एकीने वाचावं, बाकीच्यांनी पडून ऐकावं — आपलं दुखणं मराठीत आधीच कुणीतरी बोलून ठेवलंय हे कळलं की उशी जरा कोरडी राहते.

३३. जीव नकोसा वाटतोय असं मैत्रीण म्हणाली, हसत म्हणाली तरी, तिला सरळ विचार, "मरावंसं वाटतंय का?" विचारल्याने विचार पेरला जात नाही — उलट कोंडलेली वाफ निघते. तिच्या गोळ्यांचा डबा स्वतःकडे ठेव, रात्री शेजारी झोप, आणि दोघींनी मिळून १४४१६ ला फोन लावा. ही टेलि-मानसची सरकारी फुकट सेवा आहे, मराठीत बोलता येतं.

३४. ते वाक्य तुझ्या स्वतःच्या मनात आलं तर भिंतीवरची दोन नावं आहेतच. पैकी एक माझं आहे, आणि फोन उशाशीच असतो.

३५. शनिवारी तुळशीबागेत जायचंय, बांगड्या भरायला. तुझं माप २-१० असेल, फार तर २-१२. मोठं माप लाजत मागू नको, कासारणीने कष्टाचे हात रोजच पाहिलेले असतात. तिने हात धरला की बोटं सैल सोड आणि दुसरीकडे बघ — मूठ आवळली की काच फुटते. येताना रक्ताच्या तपासणीची फाइल आण, आणि जेवून येऊ नको, मी वांगी आणून ठेवली आहेत.