कचऱ्याचे वर्गीकरण : प्रत्येक घराचे कर्तव्य

घरातला कचरा दाराबाहेर गेला की आपला संबंध संपला, अशी शहरात सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक तो तेथून दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जातो. ते हात कुणाचे, याचा विचार केल्याशिवाय हा प्रश्न समजणार नाही, असे आम्हांस वाटते.

पुण्याचे उदाहरण घेऊ. तेथे कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य दलित समाजातील स्त्रिया आहेत. गाव सुटले तरी जातीची उतरंड सुटली नाही. डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाने १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली आणि आपण कामगार आहोत, हे या स्त्रियांनी ठामपणे मांडले. पुढे २००८ साली त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागली. घरटी शुल्क आणि सुक्या मालाची विक्री ही त्यांच्या मिळकतीची साधने ठरली.

येथेच आपल्या स्वयंपाकघराचा संबंध येतो. आमटीने भिजलेल्या कागदाला भंगाराच्या दुकानात भाव मिळत नाही. फुटलेला पेला उघडा टाकला, तर बोट तिचे कापते. ओला कचरा ढिगाखाली दडपला की हवेविना कुजतो, मिथेन वायू तयार होतो आणि ढीग पेट घेतात. पुण्याच्या कचऱ्याचा असा त्रास उरुळी देवाची व फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे सोसला आहे.

कचरा वेगळा करावा, असे केंद्र सरकारच्या २००० व २०१६ च्या नियमांनी सांगितले. परंतु नियम घरात शिरून हात धरत नाही. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येकाने पाळाव्यात :

१) भाजीची देठे, साली, खरकटे, चहाचा चोथा हा ओला कचरा वेगळ्या डब्यात ठेवावा. त्याचे उत्तम खत होते.

२) कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, प्लॅस्टिक कोरडे ठेवावे. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून द्यावी. तिचा कोपरा पूर्ण कापून टाकू नये, कारण तो तुकडा पुन्हा कुणाच्या हाती लागत नाही.

३) सॅनिटरी पॅड व लहान मुलांचे डायपर कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्यावेत.

४) ब्लेड, सुया, फुटकी काच, बॅटरीचे सेल, जुनी औषधे इतर कचऱ्यात मिसळू नयेत.

हे काम केवळ गृहिणीचे मानू नये. पुरुषांनी व मुलांनीही ते करावे. आपली घाण दुसऱ्याने निवडावी, ही अपेक्षाच विषमतेची आहे. कचरा वेगळा करून देण्यात उपकार नाही. श्रम करणाऱ्या माणसाचा तो साधा मान आहे. त्यासाठी दोन डबे पुरतात. आजच आपल्या घरापासून प्रारंभ करू या.